घरमालकांच्या मंडळातले सर

१६०७, जेम्सटाऊन. जबाबदार : लंडनमधील एक कंपनी व तिचे भागधारक.

१६२०, प्लिमथ. जबाबदार : परमेश्वर, आणि ज्यांना त्याच्याशी बिशपच्या परवानगीवाचून बोलायचे होते ते सर्व.

१६३०, मॅसॅच्युसेट्स बे. जबाबदार : ज्यांना धर्मस्वातंत्र्य हवे होते, परंतु केवळ स्वतःपुरते, ते गृहस्थ.

१९८१, उत्तर व्हर्जिनिया, एका चर्चचे तळघर. आमच्या मराठी मंडळाची स्थापना. जबाबदार : आठ कुटुंबे व एक अविवाहित इसम.

१९८५, तेच तळघर, वार्षिक सभा, ठराव क्रमांक चार. जबाबदार : अध्यक्ष, जे हृदयरोगतज्ज्ञ आहेत; सचिव, जे संगणकाच्या कंपनीत आहेत; आणि मसुदाकार, म्हणजे प्रस्तुत लेखक.

यांपैकी पहिल्या तीन नोंदी मी सरांकडून घेतल्या आहेत. चौथ्या नोंदीतील अविवाहित इसम म्हणजे सर. आणि पाचव्या नोंदीतील ठरावाने, ज्याच्या नावावर या देशात घर नाही त्याचा मंडळातील मताधिकार काढून घेतला. सर भाड्याच्या खोलीत राहत असत. ठरावाला चार वर्षे झाली, तो आजही कायम आहे, आणि तो रद्द व्हावा एवढ्याचसाठी मी हा लेख लिहीत आहे. परंतु अन्याय कोणत्या माणसावर झाला हे ठाऊक नसेल तर अन्याय किती झाला हे कळत नाही. म्हणून आधी माणूस सांगतो.

सर एका कम्युनिटी कॉलेजात अमेरिकेतील इंग्रज वसाहतींचा इतिहास शिकवीत. अमरावतीहून आलेला मनुष्य अमेरिकनांना त्यांचे पूर्वज समजावून सांगतो, याचे आम्हा सर्वांना कौतुक होते. सरांना नव्हते. "त्यांना तरी दुसरं कोण सांगणार?" ते म्हणत. "त्यांच्या घरचे लोक फुटबॉल बघतायत." अंगात बारा महिने एकच तपकिरी कोट, त्याच्या एका खिशात खडू आणि दुसऱ्या खिशात पोस्टकार्डाएवढ्या कोऱ्या कार्डांचा गठ्ठा. उंची बेताची, आवाज मात्र मागच्या बाकापर्यंत जाणारा. समोर एकच श्रोता असला तरी तो मागच्या बाकावर बसला आहे असे धरूनच ते बोलत.

प्रत्येक गैरसोय ते अटलांटिकच्या सफरीने मोजीत. विमानाला चार तास उशीर झाला अशी तक्रार कोणी केली की सर विचारीत, "चार तासच ना? प्लिमथवाले सहासष्ट दिवस जहाजात होते. त्यात एक बाळंतपण झालं." हायवेवर ते ताशी चाळीस मैलांच्या वर गाडी नेत नसत. मागचे लोक भोंगे वाजवीत, खिडकीतून अपशब्द बोलत. सर शांतपणे म्हणत, "घाईनं आलेल्यांनीच या प्रांताचं वाटोळं केलं."

एखाद्या नव्या माणसाची ओळख करून दिली की, नमस्कार, गाव, आडनाव, काही न विचारता सर एकच प्रश्न विचारीत : "का आलात?"

हा प्रश्न ते उद्धटपणाने विचारीत नसत. आपल्या शास्त्राचा तो पाया आहे अशी त्यांची श्रद्धा होती. इंग्लंडहून आलेली माणसे एकच, भाषा एकच, राजाही एकच. तरी व्हर्जिनिया एक झाले आणि मॅसॅच्युसेट्स दुसरेच झाले, ते का? तर निघताना मनात काय होते त्यामुळे. "व्हर्जिनियाला पैसे करायला आले," सर सांगत. "बायका-मुलं मागे ठेवून. पाच वर्षांत गबर होऊन परत जायचं, हा बेत. म्हणून गाव नाही, शाळा नाही. नदीकाठानं जो तो आपली तंबाखू लावून बसला, शेजाऱ्याचा धूरसुद्धा दिसू नये इतका लांब. मॅसॅच्युसेट्सला देवासाठी आले, कुटुंबं घेऊन आले. मधोमध प्रार्थनाघर, भोवती घरं, लगेच शाळा. आणि ज्याचं मत वेगळं त्याला थंडीत गावाबाहेर. सांगा का आलात, मी सांगतो तुमच्या गल्लीचं पुढे काय होणार."

एवढ्यावर थांबले असते तर ते केवळ विद्वान ठरले असते. परंतु त्यांनी हे शास्त्र आम्हाला लावले. मंडळाच्या सभासदत्वाचा अर्ज मी तयार केला होता. त्यात नाव, पत्ता, दूरध्वनी असे तीन सभ्य रकाने होते. अर्ज छपाईला जाण्यापूर्वी सरांनी, मला न विचारता, चौथा रकाना घातला : "येण्याचे खरे कारण." यातील "खरे" या शब्दावर मी त्यांना दोन पानांचे निषेधपत्र लिहिले. ते तिसऱ्या दिवशी परत आले. लाल शाईने दोन ठिकाणी व्याकरण सुधारलेले होते आणि कोपऱ्यात शेरा होता : "मुद्दा पहिल्या परिच्छेदातच संपला."

अर्ज भरून आले तेव्हा सर्वांनी "उच्च शिक्षण" लिहिले होते. सरांनी ते सगळे अर्ज परत पाठवले आणि मग एकेकाच्या घरी जाऊन, चहा पिऊन, खरे कारण काढून घेतले व कार्डांवर उतरवले. डॉक्टरांनी, म्हणजे अध्यक्षांनी, तिसऱ्या कपाला कबूल केले की मुंबईत त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याने आधी गाडी घेतली होती.

माझ्या अर्जात मी लिहिले होते : "विधिशास्त्राच्या तुलनात्मक अभ्यासार्थ." मी पुण्याचा एलएल.बी. आहे. ही पदवी येथे मानली जात नाही, हा या देशाच्या व्यवस्थेतील दोष आहे. मी एका विमा कंपनीत दाव्यांची छाननी करतो. सर आमच्याकडे आले त्या दिवशी मी तुलनात्मक अभ्यासाबद्दल वीस मिनिटे बोललो. सरांनी ऐकून घेतले आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून मागच्या बाकावरच्या आवाजात विचारले, "वहिनी, हे का आले?"

आमच्या सौभाग्यवतींनी पोह्यांवर खोबरे पेरता पेरता उत्तर दिले, "ह्यांना मी आणलं. इथल्या हॉस्पिटलात नर्सेस हव्या होत्या. माझा व्हिसा झाला, मग ह्यांचा."

"अहो, कारणं अनेक असू शकतात," मी म्हणालो.

"असतील की," त्या म्हणाल्या. "तिकीट एकाच कारणाचं निघालं."

सरांनी कार्ड लिहिले, वाळवले आणि खिशात घातले. मला दाखवले नाही. परंतु त्यानंतर अनेक वर्षे त्यांनी चारचौघांत या गोष्टीचा एका शब्दानेही उल्लेख केला नाही, हे मला येथे नमूद केले पाहिजे.

मंडळाची सहल जेम्सटाऊनला न्यायची हा आग्रह अर्थातच त्यांचा. सात गाड्या निघाल्या. सरांची गाडी सर्वांत पुढे असल्याने तीन तासांचा रस्ता पाच तासांचा झाला. पोहोचताच स्त्रियांनी डबे, शेगडी, बटाटे, भांडी उतरवायला सुरुवात केली आणि पुरुषमंडळी खिशात हात घालून नदीकडे पाहत उभी राहिली. सर एका बाकावर चढले.

"मुलांनो, इकडे बघा!" ते ओरडले. "तिकडे म्युझियममध्ये जायची गरज नाही. हे पाहा जेम्सटाऊन. पहिल्या तुकडीतले निम्मेअधिक असेच होते. सभ्य गृहस्थ. हाताला काम माहीत नाही. सोनं शोधत फिरले आणि उपाशी मेले. शेवटी त्यांच्या कप्तानाला हुकूम काढावा लागला : काम नाही तर जेवण नाही."

"सर, हे काय यार," सचिव म्हणाले, "वीकएंडला आलोय आम्ही."

"तेही तसंच समजून आले होते."

त्यानंतर सर वड्यांच्या पातेल्याशेजारी जाऊन उभे राहिले आणि पाणी, कोळसा किंवा चिरलेला कांदा यांपैकी काही हाती असल्याखेरीज एकाही पुरुषाला वडा मिळू दिला नाही. शहरातील निम्म्या श्रीमंतांची हृदये ज्यांच्या हातात असतात ते आमचे डॉक्टर डोळे पुशीत कांदा चिरीत होते, हे दृश्य मी पाहिले आहे. त्यांच्या सौभाग्यवतींनी त्याचे छायाचित्रही घेतले. ते मंडळाच्या अहवालात छापू नये असे मला अध्यक्षांकडून लेखी कळवण्यात आले.

डॉक्टरांची धाकटी मुलगी मध्येच येऊन म्हणाली, "काका, व्हेअर इज द बाथरूम?"

"शाब्बास!" सर म्हणाले. "हा प्रश्न १६०७ साली कोणी वेळेवर विचारला नाही, म्हणून विहिरीचं पाणी नासलं."

जेवणानंतर तिनेच पुन्हा विचारले, या वेळी मराठीत, की तेव्हा इथे आलेले सगळेच का आले होते ते कार्डावर आहे का. सर एकदम हळू बोलले. मी त्यांना हळू बोलताना तेव्हाच ऐकले. "नाही बेटा. तंबाखूला माणसं कमी पडली तेव्हा आफ्रिकेतून माणसं आणली. त्यांना का आलात म्हणून विचारायची सोय नव्हती. आणि जे इथलेच होते त्यांनाही कोणी काही विचारलं नाही." मग त्यांनी खिशातून एक कोरे कार्ड काढून तिला दिले. ती ते घेऊन नदीकाठी गेली आणि त्यावर होडीचे चित्र काढून परत आली.

मंडळाची सरकारदरबारी नोंदणी करायची तेव्हा संस्थेचा उद्देश लिहून देणे आवश्यक होते. हे कलम घटना समितीकडे, म्हणजे माझ्याकडे होते. एक ओळ लिहायला आम्हाला तीन सभा लागल्या. "संस्कृतीचे जतन" असे डॉक्टरांनी सुचवले. "जतन तिकडे अख्खा महाराष्ट्र करतोय," सर म्हणाले, "तुम्ही तुमचं काय ते सांगा." त्यांनी स्वतःचा मसुदा वाचला : "आम्ही पगारासाठी आलो. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. पगार मिळू लागला आणि रविवारची संध्याकाळ खायला उठली. म्हणून ही संस्था." मग सचिव म्हणाले, "हे स्टेटला पाठवायचं? लोक हसतील, सर." शेवटी सांस्कृतिक, शैक्षणिक व सामाजिक असे तीन शब्द गेले. ते मीच लिहिले. त्यांत कायद्याची एकही चूक नाही, आणि आमच्याविषयी एकही गोष्ट नाही.

आता ठरावाकडे येतो.

१९८५ साली कोजागिरीच्या कार्यक्रमात सरांनी सर्वांना वसाहती वाटून दिल्या. डॉक्टर आणि त्यांचे मित्र व्हर्जिनिया झाले. पाच-पाच एकरांच्या घरांत राहतात, शेजारी दिसत नाही आणि "पाच वर्षांनी परत जाऊ" हे पंधरा वर्षे म्हणतात. आमच्या सौभाग्यवती पेनसिल्व्हेनिया झाल्या. "सगळ्यांना जेवायला बोलावतात आणि कोणाचं मन तपासत नाहीत," असे कारण दिले. आणि मग, हातात मसाला दूध घेतलेल्या साठ माणसांसमोर, ते माझ्याकडे वळले. "आणि वकीलसाहेब म्हणजे साक्षात मॅसॅच्युसेट्स. नियम करणार, शाळा काढणार, आणि एक दिवस कोणाला तरी थंडीत बाहेर काढणार."

साठही माणसे हसली. सौभाग्यवती सर्वांत आधी हसल्या.

पुढच्याच महिन्यात सचिवांनी मला फोन केला. मंडळासाठी इमारत घेण्याचा विचार चालू होता. भाड्याने राहणारी नवी कुटुंबे आज आहेत, उद्या टेक्सासला जातील. इमारतीवर त्यांनी मत का द्यावे? ज्यांची येथे मुळे आहेत त्यांनीच ठरवावे. "तुम्ही कायद्यात बसवून द्या, काका," ते म्हणाले. मी बसवून दिले. एका संध्याकाळी, एकाही खाडाखोडीशिवाय. राग आलेला असताना माझी भाषा फार नेमकी होते, हे मी अभिमानाने सांगत नाही. मसुदा असा होता : "ज्या सभासदाच्या नावावर या देशात घर आहे, तोच मतदानास पात्र राहील."

सभेत मी ठराव वाचला. डॉक्टरांनी अनुमोदन दिले. चर्चा मागवली तेव्हा सर उठले. आता भाषण होणार म्हणून लोक सावरून बसले. परंतु सर काही न बोलता माझ्या टेबलापाशी आले, खिशातून एक कार्ड काढले, माझ्या चिवड्याच्या बशीखाली सरकवले आणि जागेवर जाऊन बसले.

मी कार्ड पाहिले. आमच्या घराचे कार्ड होते. "प्रथम आलेली व्यक्ती : वहिनी. कारण : नोकरी. सोबत : पती. घर : वहिनींच्या नावावर."

ते खरे होते. कर्ज मिळाले तेव्हा पगार त्यांचा होता, म्हणून कागद त्यांच्या नावाचा झाला. ज्या घटनेचा प्रत्येक स्वल्पविराम मी लावला, तिच्या सभेत हात वर करण्याचा अधिकार माझ्याच ठरावाने माझ्याकडे उरत नव्हता. सरांना हे कार्ड मोठ्याने वाचता आले असते. तळघर कोसळेपर्यंत लोक हसले असते आणि ठराव त्या हशात बुडाला असता. त्यांचा स्वतःचा मताधिकार शाबूत राहिला असता. त्यांनी ते मला एकट्याला वाचायला दिले. मी शहाणा होऊन ठराव मागे घेईन, असे त्यांना वाटले असावे.

मी उभा राहिलो आणि म्हणालो, "एक किरकोळ दुरुस्ती आहे. 'नावावर' या शब्दापुढे 'अथवा पती वा पत्नीच्या नावावर' असे वाचावे."

मागच्या रांगेतून सरांचे हसणे ऐकू आले. ते कुत्सित नव्हते. वर्गातल्या विद्यार्थ्याने अपेक्षेप्रमाणेच चुकीचे उत्तर द्यावे आणि शिक्षकाचे भाकीत खरे ठरावे, तसे होते. ठराव संमत झाला; विरुद्ध मते दोनच पडली. एक मत सरांचे, ते त्यांचे शेवटचे. दुसरे मत आमच्या सौभाग्यवतींचे.

घरी जाताना गाडीत त्या एवढेच म्हणाल्या, "मूळ शब्द ठेवले असते तर आपल्या घरात मत मला एकटीला होतं. तुम्ही ते दोघांत वाटलंत. आणि त्या बिचाऱ्याचं होतं ते काढलंत."

सभेनंतर डॉक्टरांनी सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हटले होते, "सर, मनाला लावून घेऊ नका. एखादा छोटा काँडो घेऊन टाका ना."

"डॉक्टर," सर म्हणाले, "या खंडावर आपण सगळेच भाडेकरू. मूळ मालकांना कोणी भाडं दिलं नाही, एवढंच."

त्या हिवाळ्यात ते जर्सी सिटीला गेले. तिथे एका उंच इमारतीत काही मराठी कुटुंबे आहेत, सगळी भाड्याने राहणारी. त्यांच्या मंडळाला सरांनी र्‍होड आयलंड हे नाव दिले असल्याचे समजते, कारण मॅसॅच्युसेट्सने हाकललेल्यांनी ती वसाहत वसवली. त्यांच्या अर्जात म्हणे एकच रकाना आहे.

मी सरांना चार वर्षांत सात पत्रे लिहिली. पहिल्या पत्रात ठरावाचे कायदेशीर समर्थन होते, ते लाल शाईने भरून परत आले, खाली श्रेणी : "सी. दोष दुसऱ्यांवर ढकलला आहे." दुसऱ्यात मी परिस्थितीचे विवेचन केले; "सी अधिक. विवेचन म्हणजे लांबवलेली सबब." तिसऱ्या व चौथ्या पत्रांना बी उणे मिळाले. पाचव्यात मी प्रथमच "चूक" हा शब्द वापरला, त्याला त्यांनी खाली रेघ ओढून बरोबरची खूण केली. सहाव्यात मी येण्याचे खरे कारण लिहिले. त्याखाली फक्त "ठाऊक आहे" होते.

सातवे पत्र एक पानाचे होते. त्यात मी सरळ क्षमा मागितली. गेल्या महिन्यात ते परत आले. त्यात एकही दुरुस्ती नव्हती. खाली लिहिले होते : "ए. परंतु पत्र चुकीच्या पत्त्यावर आले आहे. ठराव मी केलेला नाही. तो अजून आहे ना?"

तो अजून आहे. म्हणून आता योग्य पत्त्यावर लिहितो.

मंडळाचे विद्यमान अध्यक्ष तेच डॉक्टर आहेत व सचिवही तेच आहेत. मी घटना समितीचा राजीनामा दिला असून ठराव क्रमांक चार रद्द करण्याची लेखी सूचना त्यासोबत जोडली आहे. तिच्यावर आमच्या सौभाग्यवतींची सही पहिली आणि माझी दुसरी आहे. ठराव का केला, याचे माझे उत्तर मी वर दिले आहे : मला राग आला होता, आणि त्या रागाला मी कायद्याचे कपडे चढवले. अध्यक्ष-सचिवांचे उत्तर मला माहीत नाही. या मंडळात आज एकतीस कुटुंबे भाड्याने राहतात. वर्गणी भरतात, नाटक बसवतात, आणि मतदान पुकारले की मांडीवर हात ठेवून बसतात. त्यांनी मत का देऊ नये, हे अध्यक्षांनी सांगावे. मला फोनवर "काका, जाऊ द्या ना आता" म्हणून सांगू नये, पार्किंगमध्ये हात धरून सांगू नये, आणि परिपत्रकात सांस्कृतिक, शैक्षणिक व सामाजिक असे तीन शब्द लिहून तर मुळीच सांगू नये. येत्या वार्षिक सभेत, माइकसमोर उभे राहून, त्या एकतीस कुटुंबांच्या देखत सांगावे. ती सर्व हजर असतील. सभेच्या खुर्च्या तीच मांडतात.